माफी कोणाच्या नावे मांडावी?

मुंबईत भोईवाडे दोन आहेत. एक भुलेश्वरचा, चिंचोळ्या गल्ल्यांचा, हातगाड्यांचा आणि खरेदीच्या गर्दीचा. दुसरा परळचा, तेथे दंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. पिढीजात व्यापारी कुटुंबाला पहिला भोईवाडा पेढीमुळे माहीत असतो आणि दुसरा बहुधा एखाद्या न वटलेल्या धनादेशामुळे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालील तक्रारी अशाच न्यायालयांत चालतात. दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा धनादेशाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्याने सांगितली आहे. तथापि पुष्कळ प्रकरणे शिक्षेपर्यंत पोहोचतच नाहीत. दोन्ही पक्ष व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसतात, रक्कम ठरते, हप्ते ठरतात आणि फिर्यादी न्यायासनासमोर सांगतो की आता आपली तक्रार उरलेली नाही. कलम १४७ ने हा गुन्हा तडजोडयोग्य केला आहे. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, तडजोडीस उशीर लावणाऱ्या आरोपीकडून धनादेशाच्या रकमेच्या दहा, पंधरा व वीस टक्के अशी चढती वसुली करण्याची श्रेणीही आखून दिली. कारण न्यायालयाचा वाया गेलेला वेळ हाही कोणाच्या तरी नावे पडणारा खर्च आहे.

या व्यवहारात एक गोष्ट स्वच्छ असते. ज्याचे बुडाले, तोच सोडून देतो. आरोपी नामांकित आहे की अनाम, हे तेथे कोणी विचारीत नाही.

गंभीर गुन्ह्यांचे तसे नाही. तेथे फिर्यादी शासन असते आणि शिक्षा माफ करण्याचा अधिकारही शासनाच्याच हाती असतो. आपल्या राज्यघटनेने तो अनुच्छेद ७२ अन्वये राष्ट्रपतींना आणि अनुच्छेद १६१ अन्वये राज्यपालांना दिला आहे. अडचण येथूनच सुरू होते. शासन जे सोडून देते ते नेमके कोणाचे येणे असते? आणि अर्जदार लोकप्रिय असला म्हणजे हा प्रश्न विचारण्याइतकी शांतता तरी उरते काय? भोई म्हणजे पालखी वाहणारा. कीर्तिवंताची पालखी वाहायला न बोलावता शेकडो भोई खांदा देतात, आणि त्या गजरात वहीतील आकडे वाचणे अवघड होऊन बसते.

२००४ साली जगभरचे बुद्धिबळप्रेमी अशाच एका वादात गुंतले होते. बारा वर्षे अटक वॉरंट डोक्यावर घेऊन देशोदेशी फिरणारा माजी जगज्जेता बॉबी फिशर जपानमध्ये पकडला गेला होता, आणि अमेरिकी सरकारने त्याला माफी द्यावी की नाही, यावर मते मांडली जात होती. मुंबईने याच जातीचा प्रश्न त्यापूर्वी बरोबर चाळीस वर्षे, १९६४ मध्ये, सोडवून पाहिला होता. तो कसा सोडवला गेला, हे आधी पाहिले तर फिशरचे प्रकरण अधिक नीट तोलता येते.

२७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस माणेकशा नानावटी यांनी आपल्या पत्नीशी संबंध असलेल्या प्रेम आहुजा यांच्यावर रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या आणि ते आपण होऊन स्वाधीन झाले. सत्र न्यायालयातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो कौल पुराव्याशी विसंगत वाटला व त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप सुनावली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती शिक्षा स्थगित करून नानावटी यांना नौदलाच्या कोठडीतच ठेवण्याचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे, अपील आपल्यासमोर प्रलंबित असताना राज्यपालांचा असा आदेश टिकू शकत नाही, असे बहुमताने ठरवले आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी जन्मठेप कायम केली.

न्यायालयांनी आपले काम केले होते. रस्त्यावरचा कौल मात्र वेगळा होता. रुसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने कमांडरांची बाजू इतक्या आवेशाने लावून धरली की पाव रुपयाचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचे आजही सांगितले जाते. कावसजी जहांगीर सभागृहात पारशी समाजाची मोठी सभा झाली. गणवेशातील देखणा अधिकारी, फसवला गेलेला पती, देशसेवा, खानदान. पालखीला लागणारे सर्व साहित्य हजर होते. ज्याचा जीव गेला होता तो मोटारींचा व्यवसाय करणारा सिंधी गृहस्थ होता. फाळणीत घरदार गमावून मुंबईत नव्याने उभ्या राहिलेल्या त्याच्या समाजाला, आपल्या माणसाच्या प्राणाची किंमत कमी लेखली जात आहे, असे वाटणे स्वाभाविक होते. शासनालाही ते जाणवत होते. माफी द्यावी तर सिंधी समाज दुखावतो, न द्यावी तर दुसरीकडचा दबाव वाढतो, असा तो पेच होता.

त्या पेचातून मार्ग निघाला तो एका व्यापाऱ्याच्या अर्जामुळे. भाई प्रताप दयालदास हे सिंधमधील नामवंत व्यापारी, स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले आणि फाळणीनंतर विस्थापितांसाठी गांधीधाम हे शहर वसवणारे गृहस्थ. सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशनची स्थापना करून, कच्छच्या महारावांनी दिलेल्या पंधरा हजार एकर भूमीवर त्यांनी हे काम उभे केले. पुढे आयात परवान्याच्या गैरवापराबद्दल त्यांना शिक्षा झाली.

आजच्या तरुण व्यापाऱ्याला परवाना-काळातला हा गुन्हा समजावून सांगावा लागेल. परकीय चलन तुटपुंजे असल्यामुळे सरकार प्रत्येक आयातीला परवाना देई, आणि परवान्यावर बहुधा अशी अट असे की आणलेला माल परवानाधारकाने स्वतःच्या कारखान्यातच वापरावा. बंदरात उतरलेल्या मालाची पडतळ आणि बाजारातील भाव यांत एवढी तफावत असे की तोच माल दुसऱ्याला विकला तर केवळ कागदावर नफा होई. तसे करणे हा फौजदारी अपराध होता. ज्या घरांनी १९६० ची आणि १९७० ची दशके काढली आहेत, त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकांत अशा परवान्यांच्या प्रती अजूनही सापडतील.

भाई प्रताप यांची पूर्वसेवा आणि अपराधाचे तुलनेने लहान स्वरूप पाहता शासन त्यांना माफी देण्यास अनुकूल होते. दुसरीकडे प्रेम आहुजा यांच्या भगिनी मेमी आहुजा यांची समजूत घालण्यात आली आणि नानावटी यांना क्षमा करण्यास त्यांनी लेखी संमती दिली. मग राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी १९६४ मध्ये, एकाच दिवशी, दोघांनाही माफी दिली. एक पारशी अधिकारी, एक सिंधी व्यापारी. काटा समतोल.

हिशेब तपासणाऱ्याच्या नजरेने ही नोंद पाहिली तर तीत एक बरोबर आणि एक चूक आढळते. बरोबर हे की, ज्या घराचा जीव गेला त्या घराला विचारल्यावाचून शासन पुढे गेले नाही. खून हा तडजोडयोग्य गुन्हा नाही. भगिनीच्या संमतीची कायद्याला गरज नव्हती. तरीही ती मिळवावीशी वाटली, कारण खरे येणे कोणाचे आहे याचे भान शासनाला होते. त्या संमतीमागे किती मन आणि किती मनधरणी होती, हा वेगळा प्रश्न आहे. चूक ही की, दोन स्वतंत्र खाती एकमेकांत वळती करण्यात आली. भाई प्रताप यांनी बिघडवले होते ते शासनाच्या चलन-नियमनाचे. धनको शासनच होते आणि ते स्वतःचे येणे सोडू शकत होते. त्यांची माफी स्वतःच्या गुणांवर, कोणत्याही सोबतीशिवाय, उभी राहू शकली असती. ती कमांडरांच्या माफीला पासंग म्हणून वापरली गेली. आज नानावटी प्रकरणावर 'ये रास्ते हैं प्यार के' पासून 'रुस्तम' पर्यंत चित्रपट निघाले आहेत. भाई प्रताप त्या कथेत एका ओळीपुरते उरतात. ज्याची माफी अधिक न्याय्य होती त्याचेच नाव पुसट व्हावे, हा कीर्तीचा आणखी एक विचित्र व्यवहार म्हणावा लागेल.

या उदाहरणाचा दाखला पुढे दिला गेलाच. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात शस्त्र कायद्याखाली दोषी ठरलेले अभिनेते संजय दत्त यांची दोषसिद्धी कायम ठेवून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये त्यांची शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली, तेव्हा निवृत्त न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी माफीचे आवाहन करताना नानावटी यांच्याकडेच बोट दाखवले होते. २०१५ मध्ये राज्यपालांनी तो अर्ज नाकारला आणि दत्त यांनी उरलेली शिक्षा, नियमाने मिळणारी सूट वजा जाता, भोगली. मधल्या काळात, २००६ मध्ये, आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचा माफीचा आदेश रद्द करून, जात, धर्म वा राजकीय निष्ठा यांसारखी अप्रस्तुत कारणे माफीला चालणार नाहीत आणि असा आदेश न्यायालय तपासू शकते, हे स्पष्ट केले होते. त्या निकालात 'कीर्ती' हा शब्द जोडून वाचण्यास हरकत नसावी.

आता फिशर.

१ सप्टेंबर १९७२ रोजी आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे रॉबर्ट जेम्स फिशर साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी बोरिस स्पास्कीला हरवून जगज्जेता झाला. त्या लढतीने बुद्धिबळ वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आणले. पहिला डाव हरला, दुसऱ्याला बसलाच नाही, तरी जिंकला, ही कथा बुद्धिबळ खेळणाऱ्या घराघरांत पोहोचली. १९७५ मध्ये अटींवरून वाद घालून त्याने कार्पोव्हविरुद्ध खेळण्याचे नाकारले, पद गमावले आणि तो जवळजवळ अदृश्य झाला. वीस वर्षे त्याने स्पर्धेचा एकही डाव खेळला नाही.

१९९२ मध्ये तो परतला तो स्पास्कीबरोबरच्याच लढतीसाठी, आणि स्थळ होते युगोस्लाव्हिया. बोस्नियातील युद्धामुळे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३० मे १९९२ रोजी त्या देशावर निर्बंध घातले होते. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी ५ जूनला त्यांची अंमलबजावणी करणारा आदेश काढला. अमेरिकी नागरिकाने तेथे कोणत्याही व्यापारी प्रकल्पास साहाय्यभूत ठरणारा करार पार पाडू नये, असा त्याचा एक भाग होता. अमेरिकी अर्थखात्याने फिशरला लेखी ताकीद पाठवली. १ सप्टेंबर १९९२ रोजी, विश्वविजेतेपदाला बरोबर वीस वर्षे झाली त्याच दिवशी, पत्रकार परिषदेत त्याने ते पत्र हातात धरले आणि सर्वांसमक्ष त्यावर थुंकला.

लढत त्याने दहा विजय, पाच पराभव व पंधरा बरोबऱ्या अशी जिंकली. एकूण बक्षीस पन्नास लाख डॉलर होते; विजेत्याचा वाटा तीस लाखांहून अधिक. डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये त्याच्यावर आरोप ठेवण्यात आला व अटक वॉरंट निघाले. कमाल शिक्षा दहा वर्षे कारावास आणि अडीच लाख डॉलर दंड. तो पुन्हा कधीही मायदेशी गेला नाही.

म्हणजे ज्या अपराधासाठी जगज्जेता फरारी झाला, तो मूलतः भाई प्रतापांच्या जातीचा होता: रक्तपात नव्हे, चोरी नव्हे, तर शासनाने आखलेल्या आर्थिक कुंपणापलीकडे जाऊन केलेला करार. अशा अपराधांचे वजन काळाबरोबर कसे बदलते, हे आयात-निर्यातीतील कुटुंबांना सांगायला नको. १९७३ च्या 'फेरा' कायद्यात परकीय चलनाच्या नियमभंगाला तुरुंग होता. १ जून २००० पासून 'फेमा' आला आणि तशाच बहुतेक चुका दंड भरून, रिझर्व्ह बँकेकडे अर्ज करून मिटवता येऊ लागल्या. कृती तीच, खाते बदलले. युगोस्लाव्हियावरील निर्बंधही नोव्हेंबर १९९५ मध्ये स्थगित झाले व पुढल्या वर्षी पूर्णपणे उठले. १३ जुलै २००४ रोजी टोकियोच्या नारिता विमानतळावर फिशरला अडवले गेले, तेव्हा ज्या कुंपणावरून त्याने उडी मारली होती ते जाऊन आठ वर्षे लोटली होती.

शिवाय त्या कुंपणावरून उडी मारणारा तो एकटा नव्हता. पटाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला स्पास्की फ्रान्सचा रहिवासी होता आणि त्याला कोणी हात लावला नाही. २००४ मध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुश यांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, बॉबीने जो अपराध केला तोच मीही केला आहे. तेव्हा मलाही अटक करा, आम्हा दोघांना एकाच कोठडीत ठेवा आणि एक बुद्धिबळाचा पट द्या. पत्रात विनोद असला तरी युक्तिवाद नेमका होता. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, वॉरंट काढून काही वर्षे झाली असताना, १९९७ मध्ये, स्वित्झर्लंडमधील अमेरिकी वकिलातीने फिशरला नवे पारपत्र दिले होते. एक खिडकी ज्याला शोधत आहे त्याला दुसरी खिडकी कागद देते, हा अनुभव सरकारी कार्यालयांत अपरिचित नाही. परंतु ज्या शासनाने असा कागद दिला त्याला आरोपीच्या फरारीपणाबद्दल फार कठोर बोलता येत नाही.

मग बारा वर्षांनी एकाएकी जाग का आली? अनेकांच्या मते त्याचे उत्तर ११ सप्टेंबर २००१ मध्ये आहे. न्यूयॉर्कवरील हल्ल्याच्या दिवशीच फिलिपिन्सच्या एका रेडिओ केंद्रावर फिशरने त्या हल्ल्याचे स्वागत केले आणि आपल्या देशाविषयी अत्यंत विखारी उद्गार काढले. ज्यू समाजाविषयीचा त्याचा द्वेष तर जुना होता. स्वतःची आई ज्यू असूनही तो वाढत गेला. हे सर्व निंद्यच आहे आणि त्याच्या खेळाच्या प्रेमापोटी त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु आरोपपत्रात ते नव्हते. न वटलेल्या धनादेशाच्या खटल्यात आरोपीने फिर्यादीच्या खानदानाला शिव्या दिल्या म्हणून धनादेशाची रक्कम वाढत नाही. तसेच आरोपी उत्तम गातो म्हणून ती कमीही होत नाही. फिशरच्या चाहत्यांनी त्याची प्रतिभा जमेला धरली, विरोधकांनी त्याची जीभ नावे टाकली. दोन्ही नोंदी त्या खात्याच्या नव्हत्याच.

अमेरिकी व्यवस्था माफीच्या बाबतीत किती ढिली असू शकते, हे व्यापारी वाचकांना मार्क रिच यांच्या उदाहरणावरून कळेल. रिच हा तेल आणि धातूंचा जगातील अग्रगण्य दलाल. १९८३ मध्ये त्याच्यावर चार कोटी ऐंशी लाख डॉलरहून अधिक करचुकवेगिरीचा आणि अमेरिकी नागरिक इराणमध्ये ओलीस असताना त्या देशाशी तेलव्यापार केल्याचा आरोप ठेवण्यात आला. तो स्वित्झर्लंडला गेला आणि परतला नाही. २० जानेवारी २००१ रोजी, पदावरील शेवटच्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला माफी दिली. त्याच्या घटस्फोटित पत्नीने क्लिंटन यांच्या पक्षाला व नियोजित ग्रंथालयाला मोठ्या देणग्या दिल्या होत्या, यावरून पुष्कळ गदारोळ झाला. चौकशी झाली, आरोप मात्र कोणावर ठेवला गेला नाही. निर्बंध मोडून कोट्यवधी मिळवणारा फरारी व्यापारी माफीस पात्र ठरतो आणि साडेतीन वर्षांनी, निर्बंध मोडून तीस डाव बुद्धिबळ खेळणारा विमानतळावर पकडला जातो, ही दोन पाने एकाच वहीत शेजारी ठेवली म्हणजे फिशरच्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा हाती येतो. तो समानतेचा मुद्दा आहे. त्यात बुद्धिबळाचा काही संबंध नाही.

येथे आपल्या आणि त्यांच्या कायद्यातील एक भेद सांगणे जरूर आहे. अनुच्छेद ७२ व १६१ यांत 'दोषी ठरलेल्या' व्यक्तीचा उल्लेख आहे. खटलाच न झालेल्या फरारी आरोपीला आपल्याकडे माफी देता येत नाही, फार तर सरकारी वकील न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेऊ शकतो. अमेरिकेत खटल्यापूर्वीही माफी देता येते. निक्सन यांना १९७४ मध्ये अशीच मिळाली आणि राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी २१ जानेवारी १९७७ रोजी, व्हिएतनाम युद्धातील सक्तीची भरती टाळणाऱ्या हजारो तरुणांना, कॅनडात पळून गेलेल्यांसह, एका आदेशाने मोकळे केले. मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्येच म्हणून ठेवले आहे की माफीला अपराधाचा ठपका चिकटलेला असतो, ती स्वीकारणे म्हणजे तो ठपका मान्य करणे, आणि म्हणूनच कोणी ती नाकारूही शकतो.

फिशरने ती स्वीकारली असती, असे मानणे कठीण आहे. ज्याने ताकीदपत्रावर थुंकून दाखवले त्याने माफीपत्राला कपाळाशी लावले नसते. पर्युषणानंतर 'मिच्छामि दुक्कडं' म्हणताना किंवा क्षमावाणीच्या दिवशी हात जोडताना प्रथम बोलतो तो मागणारा. समोरच्याने तक्रार नोंदवण्याची वाट तो पाहत नाही, आणि देणाराही त्याची पत विचारीत नाही. शासनाची माफी या क्षमेची बरोबरी करू शकत नाही. तिला अर्ज लागतो, कारणे लागतात, पूर्वीच्या तशाच प्रकरणांशी ताळा लागतो. नानावटींनी स्वाधीन होऊन, तीन न्यायालयांसमोर उभे राहून, तुरुंगात काही काळ काढून मग अर्ज केला होता. भाई प्रतापांनीही निकाल आधी घेतला. फिशरने यांपैकी काहीच केले नाही. त्यामुळे त्याच्या बाबतीत न्याय्य मार्ग माफीचा नव्हताच. तो होता शासनाने १९९५ नंतर, निर्बंधांबरोबरच, तो आरोपही मागे घेण्याचा आणि बक्षिसावरील कर मात्र पै न् पै वसूल करण्याचा. करांच्या बाबतीत त्याची वही मुळीच स्वच्छ नव्हती. १९७६ पासून आपण कर भरला नाही, असे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले होते. व्यापारी समाजाने या बाबीकडे कानाडोळा करू नये.

घडले ते वेगळेच. जपानच्या कोठडीत आठ महिने काढल्यावर, मार्च २००५ मध्ये, आइसलँडच्या संसदेने त्याला नागरिकत्व दिले. ठरावाविरुद्ध एकही मत पडले नाही. ज्या गावात तो जगज्जेता झाला तेथेच तो शेवटची वर्षे राहिला आणि १७ जानेवारी २००८ रोजी, पटावर जितकी घरे असतात तितक्या म्हणजे ६४ वर्षांचा होऊन, मूत्रपिंडाच्या विकाराने मरण पावला. कृतज्ञता म्हणून आइसलँडने हे केले; त्यांच्यासाठी तो पाहुणा होता, आरोपी नव्हता.

मरणोत्तर माफीची कल्पनाही आता मांडली जाऊ शकते, कारण तिला उदाहरण आहे. हेवीवेट मुष्टियुद्धाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन १९१३ मध्ये वर्णद्वेषातून दोषी ठरवला गेला, सात वर्षे परदेशांत फरारी राहिला, १९२० मध्ये परतून त्याने शिक्षा भोगली आणि १९४६ मध्ये वारला. मे २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली. परंतु जॉन्सनच्या माथी निकालाचा डाग होता. तो पुसण्याजोगा होता. फिशरवर निकाल कधी लागलाच नाही, आणि आरोपी मेला की आरोपही संपतो. ज्या खात्यात शिल्लकच नाही त्यात जमेची नोंद कशी करणार?

एक खाते मात्र या साऱ्या चर्चेत उघडलेच गेले नाही. १९९२ च्या लढतीचे पन्नास लाख डॉलर उभे करणारा येझदिमिर वासिलयेविच हा बेलग्रेडमधील 'युगोस्कांदिक' नावाच्या खासगी बँकेचा मालक होता. कोणत्याही सचोटीच्या बँकेला न परवडणारे व्याज देऊन ती लोकांच्या परकीय चलनातील ठेवी गोळा करीत असे. नव्या ठेवींतून जुन्यांचे व्याज भागवण्याचा तो परिचित प्रकार होता. महागाईने होरपळलेल्या निवृत्तांनी आणि नोकरदारांनी साठवलेले जर्मन मार्क तेथे नेऊन दिले. आरोपपत्र डिसेंबर १९९२ चे. मार्च १९९३ मध्ये वासिलयेविच देश सोडून इस्रायलला निघून गेला आणि बँक बुडाली. बँकेजवळ ठेवीदारांच्या पैशाखेरीज दुसरा पैसा फारसा नसतो, हे रोकड खिडकीवर बसलेला कोणताही कारकून सांगेल. फिशरने आपला वाटा स्वित्झर्लंडमध्ये जमा केला होता. बेलग्रेडच्या बंद दारांबाहेर पासबुके घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांना, फिशरला माफी द्यावी काय, असे कोणी विचारले नाही.